खालच्या स्वराची गळती

वरचे स्वर अगदी नीट लागत होते. पट्टीवरून बोट वर सरकलं की डबा थंडीत कडाडणाऱ्या बर्फासारखा खणखणीत बोले. पण बोट खाली आलं, वेलिका मावशीच्या आवाजाच्या जागी आलं, की स्वर आधी जड होई, मग उतारावर पाय घसरावा तसा खाली खाली जाई, आणि शेवटी टप, टप, टप करत विझून जाई.

"गेलं बाई," शेजारची यागोदा म्हणाली. चुलीजवळच्या बाकावर बसून ती लोकर पिंजत होती. "सोफियाहून डबा आणलास रालित्सा, पण आत बसवलंयस कोणाला? आमच्या पोस्टमनला? तोही चढावर बरा चालतो आणि उतारावर पडतो."

रालित्सा हसली, पण तिची नजर मीटरवरून हलली नाही. तीन दिवस उरले होते. तीन दिवसांनी सुइणीचा दिवस.

त्या दिवशी वितोशा डोंगरामागच्या या गावातल्या बायका आपल्या सुइणीच्या घरी जमतात. जिनं आपली बाळं झेलली तिच्या हातांवर कोमट पाणी घालतात, साबण देतात, आणि मग गातात. वरचा आवाज एकीचा, तो यागोदाचा. त्याच्याखाली, अगदी त्याच्या कुशीला लागून, एक धरलेला स्वर, तो सुइणीचा. सुईण धरते, मग बाकीच्या बायका तिच्या स्वराला येऊन मिळतात. चाळीस वर्षं तो स्वर वेलिका मावशीनं धरला होता. गेल्या शरदात डॉक्टरांनी तिच्या घशातली गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. आता ती श्वासानं कुजबुजे, नाहीतर शाळेच्या वहीत पेन्सिलीनं लिही. आणि नाताळानंतर तिनं वहीत लिहिलं होतं: *यंदा दार उघडणार नाही. मुक्या सुइणीचे हात कोणी धुवायचे?*

म्हणून रालित्सानं हा डबा करायला घेतला होता. ती मावशीची भाची. सोफिया शहरातल्या एका नाटकगृहात ती माईक, स्पीकर आणि जुनी ध्वनियंत्रं दुरुस्त करी. डब्यात होता व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर. विजेचा दाब वाढवला की त्याचा स्वर चढतो, कमी केला की उतरतो. एका व्होल्टला बरोबर एक सप्तक. दाब ठरवायला तिनं डब्यावर हातभर लांबीची काळी पट्टी बसवली होती. बोट जिथं टेकेल तिथला स्वर. गळा नाही तर नाही, मावशीला बोटानं गाता येईल.

मावशीनं त्यावर वहीत लिहिलं होतं: *खालचा स्वर आदल्या दिवशी दुपारपर्यंत टिकला, तर दार उघडीन. नाहीतर त्या दिवशी मी झोपून राहीन.* तिच्या लेखी हे फार मोठं वचन होतं; एरवी ती वचनं देणारी बाई नव्हे.

रालित्सानं बॅटऱ्या बदलल्या. स्वर पडला. बॅटऱ्या काढून नाटकगृहातला मोठा वीजपुरवठा जोडला. स्वर पडला. ज्या कपॅसिटरमध्ये वीज साठते आणि रिकामी होते, आणि ज्याच्या भरण्या-सांडण्याचाच स्वर होतो, तो काढून नवा लावला. स्वर पडला. चिप बदलली. त्या दिवशीचा शेवटचा स्वर तर इतका केविलवाणा पडला की अंगणातल्या कुत्र्यानं भुंकून त्याला उत्तर दिलं.

"बघ," यागोदा म्हणाली, "एकाला तरी समजलं."

गंमत अशी की रालित्साला राग येत नव्हता. काळजी होती, पण त्या काळजीच्या कडेनं एक जुनं कुतूहल हळूच डोकं वर काढत होतं. कधीतरीच बिघडणाऱ्या यंत्राचा तिला कंटाळा येई. हे यंत्र मात्र नेमानं बिघडत होतं. दर वेळी एकाच जागी, एकाच उतारावर. म्हणजे त्याला काहीतरी सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून स्वयंपाकघरात आली. चूल नुकतीच पेटत होती, खिडकीवर बर्फाची नक्षी होती. तिनं सहज बोट ठेवलं, आणि खालचा स्वर लागला. लागला आणि टिकला! पाच मिनिटं, दहा मिनिटं. तिनं श्वास रोखून मीटरकडे पाहिलं. मावशी दारात येऊन उभी राहिली, शाल गळ्याभोवती घट्ट धरून. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण डोळे मात्र त्या आवाजाला धरून होते.

मग काका, मावशीचा नवरा गेनादी, बाहेरून सरपण घेऊन आला. चूल धडधडली, घेवड्याचं भांडं वर चढलं. आणि दहाच्या सुमाराला स्वर पुन्हा घसरला. मावशी मागं फिरली.

"सकाळी गातो, दुपारी रुसतो," यागोदा म्हणाली. "माझा नवरा असाच होता. फक्त उलटा. दुपारी प्यायला की गायचा."

"उष्णता," रालित्सा स्वतःशीच म्हणाली. "चूल तापली की पडतो. आतले ट्रान्झिस्टर ऊन झाले की बिनसतात."

हे तिला पाठ होतं. असल्या सर्किटात दोन ट्रान्झिस्टर जुळे लागतात, एकमेकांना चिकटून बसलेले, एकाला ऊब लागली तर दुसऱ्यालाही लागली पाहिजे. तिनं तर ते सोफियात पन्नासांतून निवडले होते. तरी खात्री करावी म्हणून तिनं मावशीचा केस वाळवायचा ड्रायर आणला, डब्याचं झाकण उघडलं आणि गरम वारा थेट बोर्डावर सोडला. आता स्वर पार कोसळेल, आणि रोग सापडेल.

स्वर कोसळला नाही. टप टप करणारा तो खालचा स्वर हळूहळू वर आला, सावरला, आणि आपल्या जागी उभा राहिला.

रालित्सानं ड्रायर बंद केला. स्वर थोडा वेळ उभा राहिला. मग भांड्याचं झाकण उचलून काकानं घेवडा ढवळला, वाफेचा ढग टेबलावरून गेला, आणि स्वर गुडघे टेकून खाली बसला.

तिनं ड्रायर पुन्हा लावला. स्वर उठला. बंद केला. मग तिनं एक वेडगळ गोष्ट केली: बोर्डावर वाकली आणि आरशावर हुं करावं तसा तोंडाचा ओला श्वास सोडला. स्वर एका क्षणात विझला.

"अगो!" यागोदाच्या हातातली लोकर खाली पडली. "तोंडाला वास येतो काय तुझ्या?"

"ऊब नाही, यागोदा मावशी! ओल! त्याला ओल बाधते."

आता तिच्या डोक्यात चित्र उभं राहू लागलं. काकाच्या आलुबुखाराच्या बागेला डोंगरातून पाट येतो. पाट भरून वाहत असला तर कडेनं बादलीभर पाणी मुरलं तरी कोणाला कळत नाही. पण उन्हाळ्यात पाटाला करंगळीएवढी धार असते, तेव्हा तेवढंच मुरलं तर झाडापर्यंत थेंब पोचत नाही. वरच्या स्वरांची धार मोठी, त्यांना गळती जाणवत नव्हती. खालच्या स्वराची धार मुळात धाग्याएवढी, आणि तो धागाच वाटेत कुठंतरी मुरत होता. म्हणजे बोर्डावर ज्यातून वीज जाऊ नये अशा जागी काहीतरी होतं. ओल पिणारं. ओल प्याली की वीज जाऊ देणारं.

तिनं भिंग डोळ्याला लावलं. सोल्डरचे ठिपके चकाकत होते. जरा जास्तच चकाकत होते. ठिपक्यांच्या मधली हिरवी जमीनही चकाकत होती, पाऊस पडून गेलेल्या फरशीसारखी. तिनं बोट टेकवून उचललं. बोट सुटताना किंचित चिकटलं.

तिनं बोट नाकाशी नेलं. मग, नाटकगृहातल्या तिच्या वरिष्ठांनी पाहिलं असतं तर नोकरीच गेली असती असं काहीतरी केलं. बोट जिभेला लावलं, आणि लगेच थुंकली.

"गोड आहे," ती म्हणाली.

"कोण गोड आहे?" यागोदानं विचारलं.

"सर्किट."

यागोदानं तिच्याकडे, मग डब्याकडे, मग चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या गेनादीकडे पाहिलं. गेनादी एकाएकी घेवडा फार मन लावून ढवळू लागला होता.

रालित्साला गेला रविवार आठवला. याच टेबलावर तिनं शेवटचे सांधे सोल्डर केले होते. सोल्डरच्या राळेचे डाग बोर्डावर राहतात, ते स्पिरिटनं पुसून काढावे लागतात. पण तिची बाटली संपली होती, आणि शेवटची बस सुटायच्या बेतात होती. काका म्हणाला होता, "तू जा पोरी, मी पुसतो. माझ्यावर सोड." तिनं सोडलं होतं.

"काका," ती म्हणाली, "बोर्ड कशानं पुसलात?"

"स्पिरिटनं. तूच म्हणालीस."

"औषधाच्या दुकानातल्या?"

"रविवारी दुकान कुठलं उघडं?"

"मग?"

काकानं डाव खाली ठेवला. टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "घरच्या," तो म्हणाला. "घरी गाळलेल्या दारूनं, राकियानं. ती काय स्पिरिट नाही? आपण जखम तिनं धुतो, छाती तिनं चोळतो, खिडकी तिनं पुसतो. यागोदाची सासू तर चष्मा तिनं पुसायची."

"आणि मग काच चाटायची," यागोदा म्हणाली.

"पण साधी राकिया गोड नसते, काका."

काकानं पुन्हा डाव उचलला.

"तुतीच्या लाकडाच्या पिंपातली?" यागोदानं हळूच विचारलं. तिच्या आवाजातला टोमणा गेला होता. "गेनादी! तुमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी ठेवलेली?"

"एवढीशी काढली," तो म्हणाला. "पेलाभर."

"मध किती घातला होतास त्यात?"

"पिंपाला दोन किलो." मग जरा थांबून, "अडीच."

रालित्सा कपाळाला हात लावून बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही. "काका, परसात तुमची पहिल्या धारेची असते ना? पाण्यासारखी, आगीसारखी? ती ओतली असती तर काही झालं नसतं!"

"पहिल्या धारेची?" काका दुखावला. "ती मी ताप आला तर अंगाला चोळायला ठेवतो. बैलाच्या पायाला लावतो. तो डबा तिचा गळा आहे ना? तूच म्हणालीस, हा मावशीचा गळा. मग गळ्याला बैलाचं लावू?" त्यानं खाली पाहिलं. "घरात जे सगळ्यांत चांगलं होतं ते लावलं."

मग दाराशी हालचाल झाली. वेलिका मावशी तिथं कधीपासून उभी होती कोणास ठाऊक. ती आली, नवऱ्यासमोर उभी राहिली, आणि त्याची टोपी त्याच्या डोक्यावर दोन्ही हातांनी सरळ केली. मग वही घेतली, लिहिलं आणि रालित्सासमोर धरली: *धुता येईल?*

"येईल. पण आधी पाण्यानं धुवावं लागेल, मावशी. साखर स्पिरिटनं सुटत नाही, नुसती पसरते. आधी पाणी, मग पहिल्या धारेची."

"पाणी!" काका ओरडला. "विजेच्या वस्तूला आंघोळ? माझ्या राकियाला नावं ठेवतेस आणि आता बादलीत बुडवतेस?"

"वीज काढून घेतली की तो नुसता लाकडासारखा असतो. पूर्ण वाळेपर्यंत जोडायचा नाही, एवढंच. गाडीच्या बॅटरीत घालता ते शुद्ध पाणी आहे का घरात?"

ते होतं. रालित्सानं बोर्ड सोडवला, भिजू नयेत म्हणून फिरवायची बटणं आणि पट्टी बाजूला काढून ठेवली. यागोदानं पाणी कोमट केलं. रालित्सा बोर्ड पाण्यात बुडवायला निघाली, तेवढ्यात मावशीनं तिचं मनगट धरलं. तिनं स्वतःची बाही वर केली, कोपर पाण्यात बुडवलं, क्षणभर थांबली, मान हलवली आणि थंड पाण्याचा एक पेला आणखी ओतला. पुन्हा कोपर बुडवलं. आता ठीक. मग तिनं बोर्ड डाव्या तळव्यावर घेतला. जड कपॅसिटर होते ती बाजू मनगटाकडे ठेवली, जणू ते डोकं होतं आणि ते लोंबू द्यायचं नव्हतं. उजव्या हातानं, मऊ ब्रशनं, ती ठिपक्यांच्या मधल्या गल्ल्या धुऊ लागली.

गावातली दोनशे बारा माणसं त्या तळव्यावर पहिल्यांदा धुतली गेली होती. रालित्सा त्यांतलीच एक. आपण आता काय पाहतो आहोत हे तिला एकाएकी कळलं, आणि सोल्डरिंगचं पुस्तक कुठंच शिकवत नाही अशी ही गोष्ट आपण आयुष्यभर विसरणार नाही हेही.

तीनदा पाणी बदललं. तिसऱ्या पाण्यात बोट घालून काकानं चाखून पाहिलं आणि म्हणाला, "आता नाही लागत." मग परसातून पहिल्या धारेची बाटली आली. तिच्या वासानं यागोदाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बोर्डावर ती ओतली, झटकली, पुन्हा ओतली. मग चुलीपासून हातभर अंतरावरच्या कोमट विटेवर, स्वच्छ कापडावर, बोर्ड झोपवला. "उद्या दुपारपर्यंत कोणी हात लावायचा नाही," रालित्सा म्हणाली. काका संध्याकाळभर त्या विटेजवळ खुर्ची टाकून बसला आणि मांजरालाही त्यानं जवळ येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सुइणीच्या दिवसाच्या आदल्या दुपारी, रालित्सानं तारा जोडल्या. मुद्दाम तिनं घेवड्याचं भांडं चुलीवर ठेवायला लावलं आणि झाकण उघडं टाकलं. खोलीभर वाफ झाली. तिनं बोट पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला ठेवलं.

स्वर लागला. जाड, सावकाश, शांत. तिनं वाकून त्याच्यावर हुं केलं. हलला नाही. मीटरचा काटा खिळ्यानं ठोकल्यासारखा.

"घ्या," ती म्हणाली, आणि स्टूल पुढं सरकवलं. "बघा ना, मावशी. घ्या."

तिनं पट्टीवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या: इथं यागोदाचा स्वर, इथं त्याच्या खालचा, बरोबर मोजून, केसभरही चूक नाही. मावशी स्टुलावर बसली. यागोदानं अंगाला लागलेली लोकर झटकली, पाठ ताठ केली, आणि डोंगराकडे हाक मारावी तशी सुरुवात केली:

*बर्फाच्या वाटेनं कोण गं चालली,*
*दिवा नाही हाती, पहाट झाली…*

मावशीनं खुणेवर बोट टेकवलं. डबा बोलला, बिनचूक. आणि यागोदा ओळीच्या मध्येच थांबली.

"ही कोण?" ती म्हणाली. "ही वेलिका नाही. ही कोणी शहरातली बाई आहे, हातमोजे घालून आलेली. हिच्याबरोबर मी गाणार नाही."

"स्वर बरोबर आहे," रालित्सा म्हणाली. "मी मोजलाय."

"बरोबर आहे म्हणूनच!"

मावशीचं बोट खुणेवर तसंच थांबलं होतं. रालित्साला वाटलं, आता ही उठेल, खोलीत जाईल, उद्या झोपून राहील. पण मावशी डोळे मिटून बसली होती. मग तिनं दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पेन्सिलीची खूण पुसून टाकली, आणि बोट गव्हाच्या दाण्याएवढं वर सरकवलं, यागोदाच्या स्वराच्या दिशेनं.

"पुन्हा," तिनं श्वासानं म्हटलं.

*बर्फाच्या वाटेनं कोण गं चालली…*

दोन स्वर एकमेकांना घासले आणि मध्ये काहीतरी तिसरंच जागं झालं, थरथरणारं, कोणाच्याही गळ्यात नसलेलं. फडताळातले पेले किणकिणले. काका उभा राहिला. यागोदा गात राहिली, जोर वाढवून, भांडायला निघाल्यासारखी, आणि तिच्याखाली तो स्वर तिला चिकटून, न ढळता, न माघार घेता. ओळ संपताना मावशीनं बोट हळूच खाली ओढलं आणि सोडलं. ओळ संपताना गावातल्या सगळ्या बायका तसाच आवाज सोडतात. ते रालित्सानं कुठल्याच यंत्रानं मोजलेलं नव्हतं.

तिनं मीटर पाहिला होता. तो आकडा कुठल्याच स्वराचा नव्हता; दोघांच्या मधलाच कुठला तरी. तिनं तो घाईघाईनं हातावर लिहून घेतला. "मावशी, कसं कळलं? नेमकं तेवढंच का?"

मावशीनं डोळे पुसले, वही ओढली आणि बराच वेळ लिहिलं. *बाकावर शेजारणीच्या इतकं जवळ बसायचं की तिला सरकावंसं वाटलं पाहिजे. पण ती सरकत नाही. तिला सरकायचं नसतं.*

"ऐकलंत?" यागोदा वाचून म्हणाली. "चाळीस वर्षं माझ्या मांडीवर बसून गात होती, आणि आज कबूल करते."

मावशी उठली. भिंतीवरची सगळ्यांत मोठी परात तिनं काढली, पिठाची गोणी सोडली आणि चाळणी रालित्साच्या हातात दिली. मग गेनादीसमोर उभी राहून तिनं वहीत एकच ओळ लिहिली. काकानं ती वाचली आणि त्याचा चेहरा फुलला.

"मला घराबाहेर काढते आहे," तो अभिमानानं म्हणाला. "उद्या उजाडायच्या आत. सुइणीच्या दिवशी घरात पुरुष दिसला तर बायका त्याची टोपी काढून घेतात आणि बर्फात लोळवतात."

"तुला लोळवायला मी पहिली येईन," यागोदा म्हणाली.

मावशीनं परातीत पीठ ओतलं. रालित्सा चाळू लागली. पिठाचा ढग उठला तशी तिनं घाईनं डब्यावर झाकण ठेवलं. मावशीनं ते पाहिलं, आवाज न करता हसली, आणि पिठात आणखी दोन ओंजळी टाकल्या.

"एवढं?" यागोदानं विचारलं. "किती जणी यायच्या आहेत, वेलिका?"

मावशीनं पिठानं माखलेले दोन्ही हात वर केले, दाही बोटं पसरली. मिटली. पुन्हा पसरली. आणि पुन्हा.